जित्या माणसाचं चित्र

चांद्यात माणूस मेला, सरणावर गेला, राख झरपट नदीत सोडली, तेरवीचं जेवण झालं, तरी देवाजी मास्तरच्या हातून निघाल्याशिवाय तो पुरता मेला असं कोणी धरत नसे. बैठकीच्या भिंतीवर हार घातलेली तसबीर लागली म्हणजे मग घरचे मोकळे. आणि तसबीर काढणार कोण? देवाजी सोनकुसरे, हायस्कुलातले ड्रॉइंग मास्तर.

मास्तरांची सगळी कला म्हणजे दोन कागद. एक पुरुषाचा, एक बाईचा. चेहऱ्याच्या रेघांवरून सुईनं बारीक भोकं पाडलेली. याला खाका म्हणायचं. खाका कोऱ्या कागदावर ठेवायचा, वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थापटायची, की खाली ठिपक्या-ठिपक्यांनी चेहरा तयार. कमळासारखे डोळे, सरळ नाक, तुकतुकीत गाल. मग घरच्यांनी आणलेला फोटो पाहून वर टोपी नाहीतर पागोटं, असली तर मिशी, असला तर चष्मा. तीन दात उरलेला, तोंडभर देवीचे वण असलेला म्हातारा मास्तर एका दुपारीत गुळगुळीत करून सोडत, आणि घरची माणसं पाहून हमसून हमसून रडत. म्हणत, "अगदी हुबेहूब जी, मास्तर!" एकदा सराफाची तसबीर चुकून कापडवाल्याच्या घरी गेली, तिथं महिनाभर सराफाला हार पडत होता. कोणाच्या लक्षात आलं? कोणाच्याही नाही. आलं ते फ्रेमवाल्या गुलाम रसूलच्या, तेही फ्रेमचं लाकूड वेगळं होतं म्हणून.

अठरा वर्षं हेच चाललं, तेव्हा गावानंही आपली एक समजूत करून घेतली. मास्तरनं ज्याचं चित्र काढलं, तो गेला. आता आधी मरण आणि मागून चित्र, हा क्रम पाहत बसायला वेळ कोणाला? मास्तर पेन्सिल घेऊन ओट्यावर बसले की बाया पोरांना घरात ओढत.

मास्तरांना याचं वाईट वाटत नव्हतं. जिवंत माणसाशी त्यांना काम काय होतं? पण आदल्या वर्षी आपला जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, नवं राज्य, नवे साहेब, आणि सत्तावन सालच्या पौषात शाळेत एक कागद आला. ड्रॉइंग मास्तरनं तपासनीसांपुढं जिवंत माणूस समोर बसवून त्याचं चित्र काढून दाखवावं. जमलं तर नोकरी पक्की. नाही जमलं, तर जागा रिकामी. तपासनीस चैत्रात येणार.

शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष बापूजी वकील यांनी तो कागद मास्तरांना स्वतः वाचून दाखवला. वाचताना त्यांना फार दुःख होत होतं, असं ते दोनदा म्हणाले. त्यांचा भाचा नुकताच नागपूरहून ड्रॉइंगची परीक्षा देऊन आला होता आणि मामाच्या ओसरीवर लोळत होता, ही गोष्ट मात्र ते म्हणाले नाहीत. ती सगळ्या चांद्याला ठाऊकच होती.

"प्रयत्न करा मास्तर," बापूजी म्हणाले. "कलावंताला काय अशक्य आहे?"

मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. पंचेचाळीस वय. घरात बायको, लग्नाच्या दोन पोरी. दुसरं काही काम येत नाही. आणि जित्या माणसाचं चित्र तर जन्मात काढलेलं नाही.

ते आधी गुलाम रसूलकडे गेले. वीस वर्षांची दोस्ती. "रसूलभाऊ, रोज घंटाभर माह्यासमोर बस."

गुलाम रसूलनं हातातली काच हळूच खाली ठेवली. "मास्तर, तुमच्यासाठी जान हाजिर हाये. पण मी फ्रेम बनवतो, फ्रेममधी बसत नाई. घरी अमिना हाये, लेकरं हायेत."

मास्तर घरी आले. बायकोला म्हणाले, "इंदे, जराशी बस ना समोर."

इंदुताई पीठ मळत होती. तिनं हात थांबवला. "काऊन जी? माह्या तेरवीची घाई झाली का तुमाले?" आणि जी रडायला लागली, ती पोरी शेजारून धावत येईपर्यंत थांबली नाही. त्या दिवशी पोळ्या खारट झाल्या.

शाळेच्या शिपायानं, दसरूनं, सरळ पाय धरले. न्हावी म्हणाला, तुमची दाढी जन्मभर करीन पण मले सोडा. महिना असा गेला. मास्तरांनी आरशात पाहून स्वतःचं चित्र काढायचं ठरवलं, आणि खरं सांगायचं तर उचललेली पेन्सिल त्यांनीही तशीच खाली ठेवली. समजूत गावाची असली तरी मास्तर त्याच गावातले ना!

अशात एका सकाळी भाजीवाली शकुबाई त्यांच्या ओट्याशी टोपली उतरवून उभी राहिली. लोहारा गावाहून डोक्यावर टोपली घेऊन रोज पायी येणारी, साठी उलटलेली, काटक बाई. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही.

"मास्तर, तुले माणूस पाह्यजे म्हणते ना? मी बसतो."

"तुले भेव नाई वाटत?"

"कायचं भेव? मेल्यावर माहं चित्र कोण काढते, सांग बरं. कोण पैसे देते, कोण हार घालते? जितेपणी काढशील तं मी पाहीन तरी." ती ओट्यावर मांडी घालून बसलीसुद्धा. "आन बसायचं मले शिकवू नको. तीस वरस झाले बाजारात बसून राह्यलो."

खरंच, ती बसली की बसली. माशी उठवायलासुद्धा हात हलवायची नाही. मास्तरांनी कागदासोबत आलेल्या पुस्तिकेत वाचलं होतं, तसा हात लांब केला, पेन्सिल उभी धरली आणि एक डोळा मिटला.

"काय रे, नेम काऊन धरून राह्यला? शिकारीले निघाला का?"

"माप घेऊन राह्यलो, बाई."

"एक डोळा मिचकावून? समोरच्या ओट्यावरच्या बाया पाहून राह्यल्या, मास्तर. माहं काई जात नाई, तुहीच इज्जत जाईन."

पहिल्या दिवशी दोन तास खपून मास्तरांनी चित्र पूर्ण केलं. खाका वापरला नव्हता, शपथेवर. पण अठरा वर्षं भुकटी थापटून थापटून तो हातातच मुरला होता, आपोआप उतरला. शकुबाईनं कागद घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हे कोण व्हय?"

"तू."

"मी? हे तं सावकाराची आई व्हय. तिच्या घरी भाजी देतो मी, भिंतीवर रोज पाहतो." मग ती एकदम कडाडली. "ओरखडा कुठी गेला माहा?"

शकुबाईच्या डाव्या गालावर डोळ्यापासून हनुवटीपर्यंत तीन खोल ओरखडे होते. जवानीत मोहफुलं वेचताना अस्वलानं मारलेला पंजा. त्यानं डाव्या डोळ्याची पापणी खाली ओढली गेली होती आणि ओठाचा कोपरा वर.

"बाई, माणसाचं व्यंग दाखवू नये," मास्तर समजावणीच्या सुरात म्हणाले. "आमच्या कामात तशी रीत असते."

"तुही रीत मेलेल्याची. मी जिती हावो." तिचा आवाज चढला. "अस्वल अंगावर आलं, बाकीच्या बाया पळाल्या. मी टोपलीनं हाणलं त्याले. एकटीनं. तो ओरखडा माहा हाये, मास्तर. नवरा गेला, घर गेलं, तो नाई गेला. तो पुसला तं मंग राह्यलं कोण? सावकाराची माय!"

मास्तरांना राग आला. एका भाजीवालीनं आपल्याला शिकवावं! पण नोकरी डोळ्यापुढं होती, आणि दुसरं कोणी बसायला तयार नव्हतं. त्यांनी दुसरा कागद लावला.

त्या दिवसापासून मास्तर खरे शिकायला लागले, आणि फार वाईट शिकले. ओरखडा काढायला गेले तर डोळा सरकला. डोळा सांभाळला तर नाक सुजलं. दोन आठवडे शकुबाई कधी माकडीण दिसायची, कधी फौजदार. ती रोज गिऱ्हाईक वांगं परखतं तसं चित्र परखायची. "कान जराक मोठा झाला. मान कुठी हाये? डोकं काय खांद्यावर ठेवलं का?" मास्तर खोडायचे, पुन्हा पाहायचे. पाहता पाहता त्यांच्या ध्यानात यायला लागलं की माणसाचे दोन डोळे सारखे नसतात. की डोक्यावर तीस वर्षं ओझं वाहिलेल्या बाईची मान पुढं झुकत नाही, ताठ राहते. की शकुबाई अजिबात हसत नसली तरी ओढल्या गेलेल्या ओठामुळं सगळ्यांना वाटतं, ही आपल्याला हसते आहे. अठरा वर्षांत आपण एकाही माणसाकडे नीट पाहिलं नाही, हे कळल्यावर मास्तरांना एका संध्याकाळी इतकी शरम वाटली की ते न जेवता झोपले.

इकडे गाव वाट पाहत होतं. कसली? शकुबाई मरायची, दुसरी कसली! बाजारात ती आली की लोक आधी तिचा चेहरा पाहत आणि मग भेंड्या. एकदा मिरच्यांच्या खकाण्यानं तिला ठसका लागला, तर अख्खी ओळ गप्प झाली. मास्तरांपर्यंत खबर पोचली, तसे ते आल्याचा काढा घेऊन बाजारात धावले. ही गेली तर आपली नोकरी गेली! इंदुताई म्हणाली, "मी दोन दिस तापानं फणफणली होती, तवा नाई केला काढा."

फाल्गुन संपता संपता एक चित्र असं जमलं की शकुबाईनं ते कितीतरी वेळ हातातून सोडलंच नाही. बोटानं तिन्ही ओरखडे चाचपले. "हाव," ती म्हणाली. "हे मी हावो." आणि नाक शिंकरून म्हणाली, "कान मात्र अजून मोठाच हाये."

मास्तरांना वाटलं, जिंकलो. चैत्रात तपासनीस येतील, शकुबाई बसेल, काम फत्ते. तर दुसऱ्याच दिवशी ती रिकामी टोपली घेऊन ओट्याशी आली. "मी जाऊन राह्यलो जंगलात. मोहा पडून राह्यला."

"अवो बाई, सोमवारी साहेब येऊन राह्यला! चार दिवस थांब!"

"मोहफूल थांबते का तुह्या साहेबासाठी? वर्षाचं मीठ-तेल त्यातच निघते माहं. तुले पाह्यता येते आता, मास्तर. कोणाकडे बी पाह्य." आणि गेली.

सोमवारी तपासनीस आले. उंच, पांढऱ्या कपड्यातले, कमी बोलणारे गृहस्थ. हॉलमध्ये मेज, चित्राचा फळा, समोर एक रिकामी खुर्ची. खुर्चीमागच्या भिंतीवर शाळेला देणग्या देऊन गेलेल्या अकरा दिवंगतांच्या तसबिरी, सगळ्या मास्तरांच्या हातच्या. तपासनीस त्यांच्याकडे पाहत म्हणाले, "हे सगळे भाऊ होते का?"

मास्तरांनी मान खाली घातली.

"बरं, बसणारा माणूस कुठं आहे?"

"माणूस नाही मिळाला साहेब," बापूजी वकील पुढं झाले. त्यांचा भाचा नवा कोट घालून दाराशी उभाच होता. "काय सांगू आपल्याला! आमचा हा भाग मागासलेला. हे ज्याचं चित्र काढतात तो मरतो, अशी इथल्या अडाणी लोकांची समजूत. मी तर जाहीर सभांतून या अंधश्रद्धेवर सतत प्रहार करत असतो. पण शेवटी शिक्षकाला साधा एक माणूस बसवता येऊ नये, म्हणजे..."

"उत्तम," तपासनीस म्हणाले.

"उत्तम?"

"आपल्यासारखे सुशिक्षित अध्यक्ष असताना काळजी कसली? आपणच बसा. लोकांची समजूतही खोटी ठरेल."

आता घ्या! बापूजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दारात सगळे मास्तर जमलेले. दसरूनं तर हातच जोडले होते. बापूजी हसल्यासारखं करून म्हणाले, "मला एक कोर्टाचं काम..."

"आज सणाची सुट्टी आहे कोर्टाला," तपासनीस म्हणाले. "म्हणून तर सोमवार ठेवला."

बापूजी बसले. अकरा मेलेल्यांच्या बरोबर खाली.

देवाजी मास्तरांनी पेन्सिल धरली, हात लांब केला, एक डोळा मिटला. बापूजी दचकले. खाका बोटांत तयार होता. कमळाचे डोळे, तुकतुकीत गाल, वर वकिली पागोटं, बस. बापूजी खूश झाले असते, म्हणाले असते, हुबेहूब! पण साहेबांनी बाराव्या भावाला नापास केलं असतं. आणि खरं काढलं तर साहेब पास करतील, पण बापूजी? मंडळ त्यांचं, शाळा त्यांची, भाचा दाराशी. दोन्हीकडून नोकरी जायचीच लक्षणं. मास्तरांनी क्षणभर डोळे मिटले, तर त्यांना शकुबाईचा चिडका आवाज आला, हे कोण व्हय?

"जाऊ दे," मास्तर मनात म्हणाले. "जायचीच तं पाहून तरी जाऊ दे."

आणि त्यांनी पाहिलं. गळ्याखालच्या दोन वळ्या. नाकपुडीवरचा चामखीळ. पागोट्याखालून कानामागं उतरणारी घामाची धार. खुर्चीचा हात आवळून पांढरी पडलेली बोटं. आणि डोळे. दुसऱ्यांच्या अडाणीपणावर इतकी वर्षं भाषणं दिलेल्या माणसाचे, मरणाच्या भीतीनं वाटोळे झालेले डोळे. ते पाहून मास्तरांना, खोटं कशाला सांगा, बापूजींची दयाच आली. तीही चित्रात उतरली.

दीड तासानं तपासनीस मास्तरांच्या मागं येऊन उभे राहिले. एकदा बापूजींकडे पाहिलं, एकदा चित्राकडे. मग चित्राच्या कोपऱ्यात सही केली आणि तारीख घातली. "उत्तीर्ण. हे चित्र याच हॉलमध्ये लावा. पुढच्या वर्षी आलो की पाहीन."

बापूजी उठून फळ्यासमोर आले, चित्र पाहिलं आणि पांढरे फटक पडले. कोणाशी न बोलता घरी गेले. मास्तरांनी मनात म्हटलं, झालं, उद्या नोटीस.

नोटीस आली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी खुद्द बापूजी मास्तरांच्या ओट्यावर आले. गाल ओढलेले, झोप उडालेली.

"मास्तर, ते चित्र..."

"फाडून टाकू का जी?"

"फाडता? माह्या तोंडाचे दोन तुकडे करता?" बापूजींची पुस्तकी मराठी कुठच्या कुठे गळून पडली होती.

"मंग जाळून..."

"जाळता? अरे, मले जाळता?"

"नदीत सोडू?"

बापूजी मटकन ओट्यावर बसले. झरपटीत काय सोडतात ते त्यांना ठाऊक होतं. इंदुताईनं पाणी आणून दिलं. मास्तर म्हणाले, "घाबरू नका वकीलसाहेब. शकुबाईचं तं मी बीस-पंचवीस डाव चित्र काढलं. जितीजागती हाये."

बापूजींच्या डोळ्यात जीव आला. "व्हय का? नक्की? कुठी हाये ती?"

"लोहाऱ्याच्या जंगलात. मोहा वेचून राह्यली."

"जंगलात? अस्वलं हायेत तिथी!" बापूजी ताडकन उठले.

त्याच दिवशी बापूजी वकिलांची झुली घातलेल्या बैलांची रेंगी गाडी, सोबत काठ्या घेतलेले दोन गडी, अशी वरात लोहाऱ्याकडे गेली आणि शकुबाईला तिच्या मोहाच्या टोपल्यांसकट गावात घेऊन आली. बाजारातले लोक उभे राहून पाहत होते. तेव्हापासून बापूजींच्या घरून तिला रोज शेरभर म्हशीचं दूध, थंडीत घोंगडी, ठसका लागला की वैद्य. भाचा नागपूरला परत गेला. मास्तरांच्या नोकरीचं नावही कोणी काढलं नाही. न जाणो, चिडले आणि पुन्हा पेन्सिल उचलली तर?

त्या वर्षी पावसाळ्यात शकुबाई पहिल्यांदा शाळेच्या हॉलमध्ये आली. सुट्टीचा दिवस होता, मास्तरांनीच बोलावली होती. अकरा गुळगुळीत भावांच्या शेजारी घाबरलेले बापूजी. ती समोर उभी राहून पाहत राहिली.

"हाच हाये," ती म्हणाली. "तीस वरस त्याच्या दारात भाजी देली, मास्तर. एकडाव नाई म्हटलं त्यानं, बाई, पाणी पे. आता सोताचा जीव अडकला तं दूध पाजून राह्यला."

"मंग दूध काऊन पितेस?"

"म्हशीचा काय गुन्हा हाये त्यात?"

मास्तर पोट धरून हसले. मग तिला ड्रॉइंगच्या वर्गात घेऊन गेले. तिथं फळ्याच्या वर, गुलाम रसूलनं आपणहून दिलेल्या सागाच्या फ्रेममध्ये, शकुबाई होती. ताठ मान, खाली ओढलेली पापणी, तीन ओरखडे. आता पोरं रोज तिच्याकडे पाहून चित्र काढायला शिकत होती.

शकुबाईनं पदरानं काचेवरची धूळ पुसली. आज ती हसत होती का ओठच तसा होता, मास्तरांना सांगता येईना.

"मी गेली की घालशील हार?"

मास्तरांनी तिरकी झालेली फ्रेम सरळ केली. "घालीन, बाई. दर साली घालीन."

"घाल," ती टोपली उचलत म्हणाली. "पण जराक खाली लटकवजो. ओरखडा झाकू नको."